मांजर दारापाशी जाऊन बसतंय, आता काय करू?

वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी दत्तक आणलेल्या मांजराचे घरातले सुरुवातीचे दिवस यावर प्रश्न घेतले होते, पलंगाखालून निघतच नाही, खात नाही, रात्री रडतंय वगैरे. आता बहुतेक त्याच घरांमधून पुढची पत्रं येतायत, की मांजर छान रुळलंय, लाड करून घेतंय आणि आता त्याला बाहेरचं जग बघायचंय. इतके प्रश्न आलेत की हा सगळा भाग त्यालाच दिलाय. काही पत्रं लांबलचक होती ती थोडी कापलीयत.

प्रश्न: ताई, आम्ही शेल्टरमधून साधारण वर्षाची मांजरी आणली, चिंगी. दोन महिने झाले, खाते पिते खेळते, पण दिवसभर खिडकीत बसून बाहेर बघते आणि दार उघडलं की पायातून सटकायला बघते. घरात दोन पक्ष पडलेत, एक म्हणतो सोडा, मांजर आहे ते, दुसरा म्हणतो अजिबात नको. सोडायचं ठरवलं तर सुरुवात कुठून करू?

उत्तर: दोन महिने घरातच ठेवलंत हे फार चांगलं केलंत. नवीन मांजराला निदान तीन आठवडे तरी बाहेर काढायचंच नसतं, आणि बुजरं असेल तर त्याहून जास्त, कारण मांजर घर ओळखतं ते नाकाने. ती दाराच्या चौकटीला, सोफ्याच्या कोपऱ्याला, तुमच्या पोटरीला गाल घासते ना, तेव्हा गालावरच्या ग्रंथींमधला वास ती तिथे लावून ठेवत असते, पंजातही तशा ग्रंथी असतात म्हणून नखं घासणं हासुद्धा त्याच कामाचा भाग. हा वास घरभर बसला की ती जागा तिची झाली. तो बसायच्या आधीच बाहेर गेली आणि कशाने तरी दचकली तर पळून कुठे यायचं हेच तिला माहीत नसतं, मग जी फट दिसेल तिच्यात घुसते आणि आपण रात्रभर हाका मारत फिरतो.

माझं म्हणणं असं आहे की बाहेर जायला मांजराला कोणी शिकवावं लागत नाही, परत यायला मात्र शिकवावं लागतं, आणि ते शिकवायचं दार उघडायच्या आधी, घरातच. एक आवाज ठरवा, खाऊचा डबा खडखडवायचा किंवा ठराविक शिट्टी, काहीही चालेल पण घरातल्या सगळ्यांचा एकच हवा. तो आवाज केला की लगेच तिच्या सगळ्यात आवडीचं काहीतरी द्यायचं, जे एरवी मिळत नाही. आधी समोर असताना, मग दुसऱ्या खोलीतून, मग ती खिडकीत पक्षी बघण्यात गुंगलेली असताना. त्यातूनसुद्धा उठून आली की समजायचं आवाज पक्का बसला. आणि एक लक्षात ठेवा, नखं कापायला, औषध पाजायला, कॅरिअरमध्ये घालायला या आवाजाने कधीही बोलवायचं नाही, एकदा जरी फसवलं तरी मांजर ते विसरत नाही.

आता डॉक्टरकडची कामं, ही झाल्याशिवाय पुढे जायचंच नाही. पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालंय का बघा, शेल्टरने बहुतेक केलं असेल पण कागद मागून खात्री करा, कारण मांजरी चार महिन्यांची असतानासुद्धा गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत पिल्लं होतात. बोका असेल तर ऑपरेशन न झालेला बोका लांबलांब भटकतो, मारामाऱ्या करतो, आणि खोल चाव्यातून एफआयव्ही नावाचा विषाणू पसरतो जो आयुष्यभर राहतो. लसींमध्ये पॅनल्यूकोपेनिया, हर्पीस, कॅलिसी या तीन विषाणूजन्य आजारांच्या तर हव्यातच, रेबीज हवी, आणि बाहेर इतर मांजरांशी संबंध येणार असेल तर फेलाइन ल्यूकेमियाच्या लसीबद्दल डॉक्टरांशी बोला. त्याच फेरीत कातडीखाली मायक्रोचिप बसवून घ्या. तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिच्यात बहुधा १५ आकडी नंबर असतो, स्कॅनर फिरवला की तो दिसतो. खूप जणांना वाटतं चिप म्हणजे मांजर कुठे आहे ते मोबाइलवर दिसणार, तसं नाही हो, ती फक्त सापडलेलं मांजर कोणाचं ते सांगते, आणि तेही तुमचा फोन नंबर त्या नोंदीत अपडेट असेल तरच. पट्टा घालणार असाल तर ओढ बसल्यावर आपोआप सुटणारा घ्या, साध्या पट्ट्याने मांजर फांदीला अडकून फास बसतो.

पहिली फेरी दिवसा उजेडी, कोरड्या हवेत, आजूबाजूला गडबड नसताना, आणि जेवणाच्या आधी म्हणजे पोटात भूक असताना. उचलून बाहेर नेऊन ठेवू नका. दार उघडा, तुम्ही बाहेर जाऊन खाली बसा आणि तिला ठरवू द्या, स्वतःच्या पायाने गेली की येतानाची वाट तिला माहीत असते, उचलून नेली की ती मधली वाट तिच्यासाठी नसतेच. मागे दार उघडं राहिलंच पाहिजे. ती पोट जमिनीला लावून सरपटल्यासारखी चालेल, दोन पावलं टाकून थांबेल, कान वेगवेगळ्या दिशांना फिरवेल, एकाच दगडाचा वास घेत बसेल. घाई करू नका. आपल्याला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, मांजराला ६० किलोहर्ट्झच्याही वरचे, म्हणजे गवतातल्या उंदराचं चिरकणं जे आपल्याला कळतसुद्धा नाही ते तिला स्पष्ट येतंय, शिवाय या दगडावर काल कोणतं मांजर घासून गेलं हेही. मध्येच तोंड अर्धवट उघडं ठेवून वरचा ओठ वर करून विचित्र चेहरा करेल, घाबरू नका, टाळूपाशी वास ओळखायचा वेगळा अवयव असतो तिथपर्यंत ती वास पोचवतेय. भीती ओळखायची खूण वेगळी, बाहुल्या मोठ्ठ्या, कान चपटे, शेपटी पोटाखाली, आणि एकाच जागी गोठून बसणं. तसं दिसलं की त्या दिवसापुरतं पुरे, काही न बोलता आत यायची वाट मोकळी ठेवा. शेपटी सरळ वर उभी करून चालायला लागली की समजा मजेत आहे.

पाचदहा मिनिटं झाली की ठरलेला आवाज, आत जेवण. मग रोज थोडं थोडं वाढवा. एवढं सगळं करूनही एक विचार आधी करा, की दाराबाहेर नेमकं काय आहे. वाहता रस्ता असेल, सुटी कुत्री असतील, तर मोकळं सोडणं नकोच, हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा, ज्याला दोरी जोडतात) किंवा जाळी लावलेली बाल्कनी यातच तिचं बाहेर बसवा. घरातले दोन्ही पक्ष एका अर्थी बरोबर आहेत, पूर्ण बंद आणि पूर्ण मोकळं याच्या मध्ये बरीच जागा आहे.

प्रश्न: हार्नेस आणलाय, पण घातला की आमचा बोका आडवा पडतो आणि उठतच नाही, जणू पाय गेलेत. काढला की लगेच पळतो. साइज चुकलाय का?

उत्तर: साइज बघा, पट्टा आणि अंग यात दोन बोटं जातील एवढाच सैल हवा, पण आडवं पडणं हे बहुतेक वेळा साइजमुळे नसतं. अंगाला सगळीकडून काहीतरी धरल्यासारखं वाटलं की मांजराचं शरीर तसंच थांबतं, पिल्लाला आई मानगुटीला धरून उचलते तेव्हा ते कसं लुळं पडतं तसं काहीसं दिसतं ते. हार्नेस आधी दोनतीन दिवस त्याच्या झोपायच्या जागी नुसता पडू द्या म्हणजे घरचा वास लागेल. मग अंगावर नुसता ठेवायचा, खाऊ द्यायचा, काढायचा. मग बकल लावायचं आणि लगेच जेवण समोर, किंवा त्याची आवडती दोरी हलवायची, खेळण्याच्या नादात तो उठतो आणि एकदा चार पावलं टाकली की त्याला कळतं की चालता येतंय. घरात सहज वावरायला लागल्यावरच दोरी जोडा, आणि दोरी हार्नेसलाच, गळपट्ट्याला कधीच नाही.

घाबरलेलं मांजर पुढे ओढत नाही, मागे सरकतं, आणि मागे सरकत सरकत हार्नेसमधून असं निसटतं की हातात नुसता हार्नेस राहतो. म्हणून घरातच एकदा समोरून हलकी ओढ देऊन बघा, निसटतो का. आणि त्याला कुत्र्यासारखं फिरवायची अपेक्षा ठेवू नका, मांजराबरोबर जाणं म्हणजे तो जाईल तिथे आपण मागे जाणं. अर्धा तास एका झुडपापाशी गेला तर तो त्याच्यासाठी उत्तम अर्धा तास असतो.

प्रश्न: आमच्या मांजरीला एकदा अंगणात नेलं आणि आता पस्तावतोय. पहाटे चारपासून दारापाशी ओरडते, आम्ही उठून दार उघडेपर्यंत थांबत नाही. शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्यात.

उत्तर: पहाट आणि संध्याकाळ हे मांजराच्या अंगात भरलेले शिकारीचे तास आहेत, उंदीर पक्षी तेव्हाच हलतात, त्यामुळे चारला जाग येणं हे स्वाभाविक आहे, ओरडून दार उघडतं हे मात्र ती तुमच्याकडून शिकलीय. म्हणून इथून पुढे ओरडण्याला उत्तर नाही, ना दार, ना खाऊ, ना रागावणं, कारण रागावणं म्हणजेही कोणीतरी उठून आलं. पहिले काही दिवस आवाज आणखी वाढतो, शेजाऱ्यांना तेवढं आधीच सांगून ठेवा आणि तेव्हा हार मानू नका, कारण मध्येच एकदा उघडलंत तर ती शिकते की जास्त वेळ ओरडायचं असतं.

त्याच्या जोडीला तिला दुसरं काहीतरी द्यायला हवं, नुसतं दुर्लक्ष करून भागत नाही. बाहेर जायची वेळ रोज एकच ठेवा, उदाहरणार्थ सकाळच्या जेवणाच्या आधी, आणि ती ओरडत नसतानाच निघा, शक्यतो हार्नेस घातल्यावरच दार उघडतं असं ठरवून टाका म्हणजे दार दिसलं की पळायचं हे सुटतं. रात्री झोपण्यापूर्वी चांगलं दमेपर्यंत खेळवा, दोरीच्या टोकाला पीस बांधून पळवा, लपवा, शेवटी पकडू द्या, आणि लगेच रात्रीचं मोठं जेवण. पाठलाग, पकड, जेवण, अंग चाटणं, झोप, हा त्यांचा क्रमच आहे. पहाटेसाठी ठराविक वेळेला उघडणारा ऑटोमॅटिक फीडर लावता आला तर आणखी बरं, मग ती तुमच्या दारापाशी न बसता त्याच्यापाशी बसते.

प्रश्न: मी आठवीत आहे. आमचा गोट्या बाहेरून चिमण्या आणि पाली मारून आणतो आणि माझ्या गादीवर ठेवतो. मला खूप वाईट वाटतं. गळ्यात घंटी बांधू का? त्याला पोटभर खायला देतो तरी असं का करतो?

उत्तर: तुला वाईट वाटतं हे योग्यच आहे, चिमणीचाही जीवच आहे. गोट्या मात्र वाईट नाहीये हे आधी सांगते. मांजर भूक लागली म्हणूनच शिकार करतं असं नसतं, पोट भरलेलं असलं तरी समोर काही हललं की झडप घातली जातेच, आणि सापडलेलं तो जिथे सुरक्षित वाटतं तिथे आणतो, म्हणजे तुझ्या गादीवर. त्याला ओरडू नकोस, शाबासकीही देऊ नकोस, शांतपणे मोठ्यांना बोलव आणि हात न लावता त्यांना उचलू दे.

घंटीचं विचारलंस तर २०२१ साली इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या लोकांनी ३५५ मांजरांवर हेच करून बघितलं होतं. घंटीने ठळक असा फरक पडला नाही. भरपूर मांसाचं प्रोटीन असलेला खाऊ दिल्यावर घरी आणलेल्या शिकारी ३६ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि रोज नुसतं पाचदहा मिनिटं खेळवल्यावर २५ टक्क्यांनी. गळपट्ट्यावर भडक रंगीत कापडी झालर लावली तर पक्षी ४२ टक्के कमी, कारण पक्ष्यांना रंग छान दिसतात, उंदरांच्या बाबतीत त्याचा उपयोग नाही. म्हणजे तुझ्या हातात सगळ्यात सोपं काय आहे तर रोज खेळणं, ते आजपासून कर, आणि पहाटे व संध्याकाळी त्याला घरात ठेवायला आईबाबांना सांग, पक्षी तेव्हा सगळ्यात जास्त सापडतात. आसपास कुठे उंदरांसाठी विष टाकतात का तेही त्यांना विचारायला सांग, विष खाल्लेला उंदीर गोट्याने खाल्ला तर त्यालाही विषबाधा होऊ शकते.

प्रश्न: आम्ही उंच इमारतीत राहतो. मांजर बाल्कनीच्या कठड्यावर चालतं आणि सासरे म्हणतात मांजर कितीही वरून पडलं तरी पायावरच पडतं, त्याला काही होत नाही, जाळ्या लावून कोंडू नका. काय सांगू त्यांना?

उत्तर: पायावर पडतं हे खरं आहे, हवेत अंग वळवून पाय खाली घ्यायची क्षमता त्यांना पिल्लू असतानाच येते. काही होत नाही हे मात्र खरं नाही. १९८७ साली न्यूयॉर्कमधल्या दोन पशुवैद्यांनी उंचावरून पडून दवाखान्यात आणलेल्या १३२ मांजरांची माहिती छापली होती, उपचार मिळालेल्यांपैकी ९० टक्के वाचली, आणि तेव्हापासून हा समज जगभर पसरलाय. पण त्यात दवाखान्यात पोचण्याआधी गेलेली मांजरं मोजलेलीच नाहीत, आणि वाचलेल्यांमध्येही छातीला मार, फाटलेला टाळू, मोडलेले पाय असलेली बरीच होती. कठड्यावर तोल सांभाळणारं मांजर समोरून कबुतर गेलं की तोल विसरतं, एवढंच सासऱ्यांना सांगा. जाळी लावा, मजबूत आणि ताणून बसवलेली, खालची बाजूसुद्धा पक्की, नुसत्या डासांच्या जाळीवर विसंबू नका, ती पंजाने फाटते. मग त्याच बाल्कनीत उंच फळी, नखं घासायला लाकडाचा ओंडका, खायचं गवत लावलेली कुंडी, ऊन आणि सावली दोन्ही मिळेल अशी जागा असं करा, ते कोंडणं राहत नाही, मांजराला हक्काचं बाहेर मिळतं. पांढऱ्या कानांचं मांजर असेल तर भर दुपारचं ऊन टाळा, पांढऱ्या कानांना आणि नाकाला उन्हाने त्वचेचा कॅन्सर होऊ शकतो.

कुंड्यांचा विषय निघालाच आहे तर लिलीची कुंडी किंवा फुलदाणी घरात, बाल्कनीत कुठेही नको. पान, फूल, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची किडनी निकामी करतं, अंगावर पडलेले पराग चाटले तरी पुरे. शंका आली तरी उलटीची वाट न बघता त्याच तासात डॉक्टरकडे.

प्रश्न: दोन बोके आहेत, जिवलग. एकाला बाहेर न्यायला लागल्यापासून तो परत आला की दुसरा त्याच्यावर फिस्कारतो, काल तर चक्क मारामारी झाली.

उत्तर: तो ओळखीचा वास घालवून आलेला असतो, दुसऱ्यासाठी मित्राच्या चेहऱ्याचा कोणीतरी परका घरात शिरला. आल्या आल्या समोरासमोर आणू नका. वेगळ्या खोलीत अर्धा पाऊण तास ठेवा, घरातल्या बोक्याच्या अंथरुणावरचं फडकं बाहेरून आलेल्याच्या गालांवर पाठीवर फिरवा, मग दोघांना थोड्या अंतरावर एकाच वेळी जेवण. बहुतेकदा सुरळीत होतं. नसेल होत तर काही दिवस फेऱ्या बंद ठेवून पुन्हा छोट्या फेऱ्यांपासून सुरू करा.

प्रश्न: ताई प्लीज लवकर उत्तर द्या. आमची दत्तक मांजरी कालपासून घरी आली नाहीये. दार उघडं राहिलं, बाहेर मोठा आवाज झाला आणि ती पळाली. सगळीकडे शोधलं. लांब गेली असेल का?

उत्तर: या पत्राला मी लगेच मेल केला होता, पण बाकीच्यांनाही कधीतरी लागेल म्हणून इथेही देते. बहुतेक ती लांब गेलेली नाही. २०१८ साली बाराशेहून जास्त लोकांना त्यांच्या हरवलेल्या मांजरांबद्दल विचारून केलेला एक अभ्यास आहे, त्यात सापडलेल्यांपैकी ७५ टक्के मांजरं निसटलेल्या जागेपासून ५०० मीटरच्या आतच मिळाली होती, आणि घरात राहणारी मांजरं तर त्याहून जवळ. घाबरलेलं मांजर पळत राहत नाही, लपतं, आणि लपलं की आवाज देत नाही, तुम्ही दोन हात अंतरावर उभं राहून हाक मारताय तरी गप्प बसतं. तिला तुम्ही नको आहात असं नाही, गप्प राहणं हाच तिचा बचाव असतो. म्हणून नुसत्या हाका मारत रस्त्याने फिरून उपयोग होत नाही, वाकून, झोपून, हाताने चाचपून शोधावं लागतं.

घरापासून सुरू करा, स्वतःच्या घरातसुद्धा एकदा बघा, कपाटं, वॉशिंग मशिनच्या मागे. मग जिन्याखाली, गाड्यांखाली आणि बॉनेटमध्ये, पत्र्याच्या शेडमागे, झुडपांच्या मुळाशी, पाण्याच्या पंपाच्या खोलीत. शेजाऱ्यांना नुसतं दिसली का विचारू नका, त्यांचं गॅरेज आणि माळा उघडून स्वतः बघू द्या म्हणून विनंती करा, कित्येक मांजरं दुसऱ्याच्या बंद खोलीत अडकून पडलेली असतात. रात्री सगळं शांत झाल्यावर टॉर्च घेऊन जा, डोळ्यांच्या उंचीवर टॉर्च धरून त्याचा उजेड जमिनीलगत फिरवा, मांजराच्या डोळ्यामागे चमकणारा थर असतो त्यामुळे दोन हिरवट ठिपके लांबून दिसतात. मध्ये मध्ये एकाच जागी बसून हळू आवाजात नेहमीसारखं बोला, ठरलेला आवाज असेल तर तो करा, आणि मग गप्प बसून ऐका. दाराशी तिचं पांघरूण ठेवा. चिपच्या नोंदीत हरवल्याचं कळवा, जवळच्या डॉक्टरांना, शेल्टरना आणि सफाई करणाऱ्या लोकांना फोटो द्या, पहाटे रस्त्यावर तेच असतात. दिसली तर मागे धावू नका. जमिनीवर बसा, अंग थोडं तिरकं, खाऊ पुढे टाका. जवळ येत नसेल तर संस्थांकडे मांजर पकडायचे पिंजरे असतात, ते मागून घ्या.

आणि आठवडा झाला, दोन झाले म्हणून शोध थांबवू नका, त्या अभ्यासात महिन्यांनी सापडलेली मांजरंही आहेत. सापडल्यावर डॉक्टरांना दाखवा, विशेषतः दोनतीन दिवस काही खाल्लं नसेल तर, कारण उपाशी राहिलेल्या मांजराच्या, खास करून लठ्ठ असेल तर, लिव्हरमध्ये चरबी साठून ते गंभीर आजारी पडतं.

(छापायला जाताना कळलं, मांजरी तिसऱ्या रात्री शेजारच्या इमारतीच्या जिन्याखाली सापडली. खूप आनंद झाला.)

प्रश्न: आमचा बोका बाहेरून आला तेव्हा मानेपाशी टाचणीएवढं भोक होतं, रक्त नव्हतं. आता चार दिवसांनी तिथे गोळा आलाय आणि मलूल आहे. आमच्याकडे तापाची गोळी आहे ती पाव देऊ का?

उत्तर: नाही, पावसुद्धा नाही, चिमूटभरही नाही. पॅरासिटामॉल मांजराच्या लिव्हरला पचवताच येत नाही, रक्तातल्या लाल पेशी बिघडतात, हिरड्या तपकिरी निळसर पडतात आणि जीव जातो. माणसाची कुठलीच वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनाने नको. तसंच कुत्र्यासाठी असलेलं पिसवांचं औषध मांजराला लावू नका, त्यातल्या परमेथ्रिनने झटके येतात.

तुमच्या बोक्याला दुसरं मांजर चावलंय. सुळा बारीक आणि लांब, कातडी वरून लगेच मिटते आणि जंतू आत राहतात, मग दोन ते पाच दिवसांत गळू होतं. डॉक्टर ते फोडून साफ करतील, अँटिबायोटिक देतील, वेळेत नेलं तर लवकर बरा होतो. आजच न्या. पुढे बाहेरून आला की रोज केसांमध्ये बोटं घालून मान, शेपटीचं मूळ, पायांमध्ये चाचपायची सवय ठेवा, भोक, गोचीड, पिसवांची काळी रवाळ घाण सगळं त्यातच सापडतं. पिसवांचं औषध डॉक्टर सांगतील तसं नियमित आणि जंतांचंही, कारण अंग चाटताना पिसू गिळली जाते आणि तिच्यातून पट्टकृमी होतो.

प्रश्न: सगळे मांजर बाहेर जातं म्हणून लिहितात, आमचं उलट आहे. अकरा वर्षांची मांजरी दत्तक घेतली, अंगण आहे, दार उघडं ठेवतो, पण ती उंबऱ्याच्या आत बसून राहते. तिला डिप्रेशन आलंय का?

उत्तर: खाते, स्वतःला चाटून स्वच्छ ठेवते, लिटर बॉक्स (शी-शूसाठीची वाळूची पेटी) वापरते, तुमच्याजवळ येते, तर ती मजेत आहे, तिला दारातूनच बघायला आवडतं. या वयात सांधे दुखत असतात, डोळे कान कमी झालेले असतात आणि ती आधी कुठे कशी राहिली हे आपल्याला कळत नाही, कदाचित बाहेर तिने पुरेसं बघितलंय. एकदा सांधे आणि ब्लड प्रेशर तपासून घ्या. तिच्यासाठी दारात मऊ आसन टाका, पायरी उंच असेल तर छोटा उतार करून द्या, ढकलू नका. तिच्याकडे बघून डोळे हळूच मिटून उघडा, २०२० मध्ये ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलंय की असं केल्यावर मांजरंही डोळे किलकिले करून उत्तर देतात आणि अनोळखी माणसाच्या हाताजवळही जास्त येतात. एक दिवस उतरेल किंवा नाही उतरणार, दोन्ही ठीक.

प्रश्न: मी गरोदर आहे आणि आमची मांजरी रोज अंगणात जाऊन येते. घरचे म्हणतात तिला कोणाला तरी देऊन टाका. खरंच द्यावी लागेल का?

उत्तर: नाही, देऊ नका. भीती टॉक्सोप्लाझ्माची असते, आणि ती पूर्ण खोटी नाही म्हणून नीट समजून घ्या. मांजराला तो जंतू उंदीर, पक्षी किंवा कच्चं मांस खाऊन लागतो, आणि लागला तरी साधारण आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे तो शीतून बाहेर पडतो. बाहेर पडल्या पडल्या तो माणसाला लागत नाही, त्याला तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून लिटर बॉक्स रोज साफ झाला तर धोका बराच कमी होतो, आणि ते काम या महिन्यांत घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करायचं, कोणीच नसेल तर ग्लव्हज घालून आणि नंतर साबणाने हात धुऊन. जे घरचे मांजर देऊन टाका म्हणतायत त्यांनाच हे काम द्या, त्यांची काळजीही मिटेल.

माणसाला हा जंतू मांजराला कुरवाळून लागणं फार कमी, अर्धकच्चं मांस, न धुतलेल्या भाज्या आणि बागेतली माती यातून जास्त लागतो, तर कुंड्यांत हात घालताना ग्लव्हज, भाज्या स्वच्छ धुवून, मांस पूर्ण शिजवून. मांजरीला कच्चं मांस देऊ नका आणि शक्य असेल तर हे काही महिने तिला मोकळं न सोडता हार्नेसवरच न्या, शिकार थांबली की तिला जंतू लागायची मुख्य वाटच बंद होते. तुमच्या डॉक्टरांना घरात मांजर आहे हे सांगा, तुम्हाला आधी कधी हा संसर्ग होऊन गेलाय का हे रक्ताच्या तपासणीत कळतं, करायची गरज आहे का ते त्या ठरवतील.